टेन्शन आलंय म्हणजे नेमकं काय झालंय?

आम्ही तुमच्यासारख्याच गटातल्या बाया. आमच्यात कोणी गटाची सचिव आहे, कोणी आशाताई, कोणी नुसतीच सभासद. डॉक्टर कोणी नाही. पण गटाच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून झाले, वही मिटली, की मग जे बोलणं निघतं ते आम्ही बरीच वर्षं ऐकत आलोय. त्यातला एक शब्द रोजचाच आहे. टेन्शन.

हा शब्द आता आपल्या आज्यासुद्धा वापरतात. पण टेन्शन म्हणजे काय होतं गं, असं विचारलं की प्रत्येकीचं उत्तर वेगळं. एक म्हणते छातीत धडधडतं. दुसरी म्हणते पोटात गोळा उठतो, घास उतरत नाही. तिसरीच्या हातापायाला मुंग्या येतात. कोणाचं डोकं भणभणतं, कोणाला रात्री तीनला जाग येते ती कोंबडा आरवेपर्यंत डोळा लागत नाही. आणि एक दोघी तर म्हणतात, काही होत नाही, फक्त पोरांवर ओरडते आणि मग रडू येतं.

म्हणजे बघा, सगळ्या जणी सांगतात ते शरीराचंच. आणि ते खरंच आहे. समजा बांधावरून चालताना समोरून बैल उधळून आला. काय होतं? काळीज धाडधाड उडतं, श्वास वरवर चालतो, तोंडाला कोरड पडते, पाय आपोआप पळायला लागतात. विचार करायला वेळच नसतो. शरीर आपल्याला वाचवायला ही तयारी करतं, आणि चांगलंच करतं. बैल निघून गेला की घटकाभरात सगळं जागेवर येतं.

पण सोमवारी हप्ता आहे आणि घरात पैसा नाही, तेव्हाही शरीर हीच तयारी करतं. त्याला बैल आणि हप्ता यातला फरक कळत नाही. बैल जातो, हप्ता मात्र दर आठवड्याला येतो. मग ही धडधड उतरायला जागाच मिळत नाही. म्हणून आज आम्ही दोन गोष्टी वेगळ्या करून सांगणार आहोत. एक, उधळलेलं शरीर शांत कसं करायचं. दुसरी, ज्या गोष्टीमुळे ते उधळलं तिचं काय करायचं. श्वास लांब घेतल्याने हप्ता फिटत नाही, हे आम्हालाही माहीत आहे. आणि टीव्हीवर जे बाबा सांगतात की सगळं मनावर आहे, त्यांच्या दारात वसुलीवाला येत नसावा.

पण त्याआधी एक काम. टेन्शन आहे असं ठरवण्याआधी रक्त तपासून घ्या.

जिना चढताना, हंडा उचलताना धडधडतं, दम लागतो, चक्कर येते, चिडचिड होते, कामात मन लागत नाही, हे सगळं रक्त कमी असल्यानेही होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत आपल्या महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांमध्ये रक्त कमी निघालं. म्हणजे आपण दहा जणी बैठकीला बसलो तर पाच जणी तरी त्यातल्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ते कमी, गरोदर असाल तर ११ च्या खाली. उपकेंद्रात तपासणी होते, लोहाच्या गोळ्याही मिळतात. गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहामुळे ती अंगी लागत नाही. जेवणानंतर, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या. शौचाला काळं होईल, त्याला घाबरू नका.

तसंच थायरॉइडचं. आणि पंचेचाळीस पन्नासच्या आसपास, पाळी जायच्या वेळेला, रात्री एकदम घाम फुटून जाग येते, जीव घाबरतो. ती वयाची गोष्ट आहे, बाईला वेड लागलेलं नसतं. डॉक्टरांना सांगितलं तर त्यावर उपाय आहेत.

याच्या उलट होतं तेही सांगायला हवं. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय, दुखणं हातात, जबड्यात किंवा पाठीत जातंय, दरदरून घाम, मळमळ, दम कोंडतोय, असं झालं तर घरचे म्हणतात हिला टेन्शन आलंय, पाणी द्या, झोपू द्या. झोपवू नका. १०८ ला फोन लावा. बाईला हृदयविकार होत नाही असं कोणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे.

आता शरीराकडे वळू. हातातलं काम जरा बाजूला ठेवा. दूध उतू जाणार असेल तर आधी गॅस बारीक करा. डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं ठेवा, अंगठ्याखाली, जिथं नाडी लागते तिथं. आता श्वास आत घ्या. मग हळूहळू सोडा. लक्ष देऊन बघितलं तर कळेल, श्वास आत घेताना नाडी जरा पळते आणि सोडताना जरा रेंगाळते. सगळ्यांचंच असं असतं. म्हणून ज्याला काळजाची धडधड कमी करायची आहे त्याने श्वास सोडायला जास्त वेळ लावायचा. नाकाने आत घेताना मनात चार मोजा, सोडताना सहा. तोंडाने सोडलात तरी चालेल, गरम भाकरीवर फुंकर घालतो तसा, पण सावकाश. श्वास कोंडून धरायचा नाही. चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबायचं.

(इथे रेडिओवर आम्ही दोन मिनिटं काहीच बोललो नव्हतो. वाचणाऱ्या तायांनीही मासिक मांडीवर ठेवून दोन मिनिटं करून बघावं.)

मोजता येत नसेल तर दुसरी युक्ती आहे. तोंड मिटून भुंग्यासारखा हूंऽऽ आवाज काढायचा. आवाज लांबवायचा म्हटलं की श्वास आपोआप सावकाश सुटतो, मोजायची गरजच नाही. पाळण्यातल्या लेकराला थोपटताना आपण हेच करतो. लेकरू झोपतं, आणि बऱ्याचदा आईलाही डुलकी लागते.

दिवसातून दोनदा, पाच पाच मिनिटं करा. फक्त घाबरल्यावर करायचं म्हटलं तर जमत नाही. विहिरीत पडल्यावर पोहायला शिकता येत नाही, तसंच आहे हे. चांगल्या वेळी सवय केली तर वाईट वेळी उपयोगी पडते.

फारच घाबरं झालं असेल, हातपाय थरथरत असतील, तर खाली जमिनीवर बसा. पाठ भिंतीला टेकवा. तोंडावर गार पाणी मारा. तळपाय फरशीवर दाबून धरा आणि डोळ्यासमोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. परात, बादली, खुंटी, कॅलेंडर, चप्पल. हसू नका. घाबरलेलं मन पुढे पळत असतं, उद्या काय होईल, परवा काय होईल. त्याला हाताला धरून आजच्या खोलीत आणून बसवायचं आहे. असा घाबरेपणाचा झटका बहुतेक वेळा दहा वीस मिनिटांत उतरायला लागतो. तो उतरणार आहे हे माहीत असलं तरी निम्मी भीती कमी होते.

रात्री तीनच्या जागेबद्दल जरा सविस्तर बोलू, कारण बैठकीत सगळ्यात जास्त बायका हेच सांगतात. रात्री तीनला आपल्याला जे प्रश्न दिसतात ते दिवसाच्या दुप्पट मोठे असतात. घर शांत, सगळे घोरतायत, आपण एकटीच जागी. पोरीचं लग्न, सासूचं ऑपरेशन, सोयाबीनचा भाव, सगळं एकदम छातीवर येऊन बसतं. आम्ही गटात एक नियमच केलाय. रात्री घेतलेला निर्णय धरायचा नाही. दागिना मोडायचा, माहेरी निघून जायचं, पोरीची शाळा बंद करायची, काही असो. सकाळी चहा झाल्यावर तोच विचार पुन्हा करायचा. तेव्हाही तो बरोबर वाटला तर मग बघू.

उशाशी वही आणि पेन्सिल ठेवा. जाग आली तर जे डोक्यात फिरतंय ते दोन ओळींत लिहा आणि वही मिटा. लिहिता येत नसेल तर धान्यातले चार दाणे वाटीत टाका, एका काळजीला एक दाणा. सकाळी वाटी बघून आठवायचं. आमच्या गटातल्या एक मावशी असं करतात. त्या म्हणतात, सकाळी चारातले दोन दाणे कशाचे होते तेच आठवत नाही, ते कोंबडीला टाकते.

अर्धा तास झाला तरी झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळू नका. उठून बसा, पाणी प्या, भुंग्याचा आवाज करा, झोप आली की आडवं व्हा. मोबाइल बघू नका. तीन वाजता मोबाइलवर चांगली बातमी कधीच नसते. संध्याकाळी सहानंतरचा चहा बंद करून बघा, आठ दिवसांत फरक कळेल. आणि दुकानातून चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या आणू नका. त्यांची सवय लागते, डोस वाढत जातो, आणि एकदम बंद केल्या तर आणखी घाबरं होतं. घेत असाल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा.

आता मिश्रीचं बोलायलाच हवं, आमच्यापैकी काही जणींना आवडणार नाही तरी. मिश्री लावली की डोकं हलकं होतं, हे खरं वाटतं. पण तंबाखू काळजाची गती वाढवते, कमी करत नाही. मग हलकं का वाटतं? कारण मागची मिश्री उतरलेली असते, तलफ लागलेली असते, त्या तलफेनेच जीव कासावीस झालेला असतो. नवी मिश्री ती तलफ भागवते. म्हणजे काटा तिनंच रुतवला आणि तिनंच काढला, आणि आपण तिचे उपकार मानतो. सोडायला वेळ लागतो, तोंडात बडीशेप, लवंग धरावी लागते, आठ पंधरा दिवस चिडचिड होते. पण सोडलेल्या बायका सांगतात, सकाळची धडधड गेली.

बैठकीत कोणीतरी हमखास म्हणतं, टेन्शनवर व्यायाम करा असं सांगतात, पण आम्ही दिवसभर राबतोच की. हे अगदी बरोबर आहे. खुरपणी करून आलेल्या बाईला शहरातल्या बाईसारखं फिरायला जा म्हणणं म्हणजे चेष्टाच. पण खुरपणी करताना डोकं कुठं असतं? गॅसची टाकी, पोराची फी, टँकर कधी येईल. हात कामात आणि जीव घोरात. तिथं शरीर दमतं, पण मन सुटत नाही.

आपल्या आज्यांना याची सोय होती. जात्यावर दळताना त्या ओवी गायच्या. पहाटेचा अंधार, जात्याची घरघर, समोर बहुतेक वेळा दुसरी बाईच. माहेर, सासर, नवऱ्याचा जाच, भावाची माया, जे कोणाला सांगता येत नव्हतं ते त्या जात्याला सांगायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्यात. एक लाख! एवढं मनात साठलेलं होतं, आणि दळता दळता निघून जात होतं. गाणं म्हणताना श्वास लांब सोडावा लागतो, हेही लक्षात घ्या. पुन्हा जातं फिरवा असं आम्ही म्हणणार नाही. गिरणी आली ते बरंच झालं, आज्यांचे खांदे त्या जात्याने गेले. पण जात्याबरोबर समोरची बाईसुद्धा गेली, ती परत आणायला हवी.

म्हणून आमच्या गटाने सायंकाळी थोडा वेळ राखून ठेवला आहे. म्हणजे पंधरा मिनिटंच. देवळाच्या ओट्यावर बसायचं, भजन म्हणायचं किंवा नुसतं बसायचं. हातात निवडायला तांदूळ आणायचे नाहीत. सुरुवातीला घरात कुरबुर झाली. आता सासवाच येऊन बसतात. आणि एक अनुभव सांगतो, पुरुषमाणसं पारावर दोन दोन तास बसतात तेव्हा त्यांना कोणी कारण विचारत नाही.

आता मुख्य गोष्ट. काळजी ज्याची आहे, त्याचं काय करायचं?

आमच्या गटातल्या एका ताईचं उदाहरण देतो. तिने परवानगी दिलीय, नाव सांगणार नाही. तिला रात्र रात्र झोप नव्हती. वजन उतरलं होतं. विचारलं की म्हणायची, सगळीकडून अंगावर आलंय. आम्ही तिघी तिच्या घरी वही घेऊन बसलो आणि म्हणालो, सगळीकडून म्हणजे कुठून कुठून ते सांग. लिहिता लिहिता कळलं, काळज्या अकरा आहेत. त्यातल्या चार अशा होत्या की ज्यात तिच्या हातात काहीच नव्हतं. पाऊस, सोयाबीनचा भाव, दिराची दारू, आणि नणंदेच्या बोलण्याचा राग. तीन काळज्या पुढच्या वर्षाच्या होत्या. उरल्या चार. त्यातली सगळ्यात मोठी, छोट्या कर्जाच्या कंपन्यांचे हप्ते. तीन कंपन्या, दर आठवड्याला एक ना एक हप्ता. एकाचा भरायला दुसऱ्याकडून घेतलेलं. आणि एक वसुलीवाला रात्री आठला दारात येऊन गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचा. तिची झोप उडाली होती ती कर्जापेक्षा या बोलण्याने.

तायांनो, इथं नीट ऐका, कारण हे बऱ्याच जणींना कोणी सांगितलेलं नाही. अशा छोट्या, तारण नसलेल्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. वसुलीवाल्याने सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर तुम्हाला बोलवायचं किंवा फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना, शेजाऱ्यांना त्रास देणं, नाव जाहीर करणं, यातलं काहीच चालत नाही. हप्ता घ्यायची जागा तुम्ही आणि त्यांनी मिळून ठरवायची. तुम्ही सलग दोनदा किंवा त्याहून जास्त वेळा ठरल्या जागी आला नाहीत, तरच तो घरी येऊ शकतो. तुम्हाला कळेल अशा भाषेत कर्जाचं कार्ड त्यांनी दिलंच पाहिजे, त्यावर व्याज आणि सगळे खर्च लिहिलेले असले पाहिजेत. उशीर झाला तर दंड फक्त थकलेल्या रकमेवर, सगळ्या कर्जावर नाही. कर्ज लवकर फेडलं तर त्याचा दंड घेता येत नाही. विमा किंवा दुसरी कुठली वस्तू तुमच्या मर्जीशिवाय गळ्यात मारता येत नाही. आणि महत्त्वाचं, घराच्या महिन्याच्या सगळ्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त रक्कम हप्त्यात जाईल इतकं कर्ज कंपनीने द्यायचंच नाही.

त्या ताईने कार्ड शोधून काढलं. तीनपैकी एका कंपनीने कार्डच दिलं नव्हतं. आम्ही चौघी मिळून शाखेत गेलो, लेखी अर्ज दिला, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. हा शिक्का विसरू नका. कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेकडे तक्रार करता येते, त्याची माहिती १४४४८ या नंबरवर मिळते. आमचं तिथवर गेलं नाही. शाखेतल्या साहेबांनी अर्ज वाचला आणि रात्रीचं येणं त्याच आठवड्यात थांबलं.

कर्ज माफ झालं नाही. ते फेडायचंच आहे, घेतलं ते द्यायला हवं. तिने चौथं कर्ज काढायचं थांबवलं, गटाच्या बचतीतून कमी व्याजाने पैसे घेऊन सगळ्यात महाग हप्ता आधी मिटवला. अजून दोन चालू आहेत. पण ती आता रात्री झोपते. गावातल्या सावकाराचं असेल तर त्याच्याकडे परवाना आहे का ते आधी विचारा. २०१४ च्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे, आणि तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करायची असते.

तर वहीचं काम असं. काळज्या मोजून लिहायच्या. ज्यात आपल्या हातात काही नाही त्यांच्यावर फुली मारायची. फुली मारली म्हणजे काळजी गेली असं नाही, पण तिच्यावर रात्र खर्च करायची नाही एवढं ठरतं. उरलेल्यांतली एकच निवडायची आणि या आठवड्यात करता येईल असं एकच काम तिच्यापुढे लिहायचं. कागद शोधणे. अंगणवाडीताईला विचारणे. भावाला फोन करणे. एवढंच. एकदम अकरा काळज्यांवर उपाय शोधायला बसलं की एकही होत नाही.

ही वही एकटीने करायची नाही. दुसरी कोणीतरी समोर हवी. आफ्रिकेत झिम्बाब्वे नावाचा देश आहे. तिथल्या शोना भाषेत मनाच्या दुखण्याला जो शब्द आहे त्याचा अर्थच मुळी 'फार विचार करणे' असा होतो. आपल्या बायका म्हणतात ना, लई इचार येतात, अगदी तेच! तिथं डॉक्टर फार थोडे. डिक्सन चिबांडा नावाच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये हरारे शहरात १४ आज्यांना शिकवलं आणि दवाखान्याबाहेर एक लाकडी बाक टाकला. आजी बाकावर बसते, बाई येऊन शेजारी बसते, बोलते. आजी ऐकते, मग दोघी मिळून एक प्रश्न निवडतात आणि त्यावर काय करता येईल ते बघतात. पुढे याची रीतसर तपासणी झाली, २०१६ मध्ये ती छापूनही आली, आणि त्या बायकांचं दुखणं खरंच कमी झालेलं दिसलं. आता सांगा, आज्यांचा आणि ओट्यांचा आपल्याकडे तुटवडा आहे का?

मात्र ऐकणं सोपं नाही. आपण ऐकायच्या आधीच सांगायला लागतो. 'अगं माझं तर याहून वाईट झालं होतं.' 'जाऊ दे, सोडून दे.' 'देवाचं काही चुकलंय का बघ.' 'पोरांकडे बघून दिवस काढ.' ही चार वाक्यं आमच्या ओट्यावर बंद आहेत. त्याऐवजी विचारायचं, मग काय झालं? तुला काय वाटतं? मी काय करू तुझ्यासाठी? ती रडली तर रडू द्यायचं, पदर पुढे करायचा, गप्प बसायचं. आणि तिने सांगितलेलं ओट्यावरून उठताना तिथंच ठेवून यायचं. एकदा जरी ते पाणवठ्यावर पोचलं तर ती बाई पुन्हा तोंड उघडणार नाही, आणि तिच्याकडे बघून बाकीच्याही गप्प होतील.

घरात मारहाण होत असेल तर ते टेन्शन म्हणून श्वासाने शांत करायचं नसतं. १८१ हा महिलांचा मदतीचा नंबर आहे, लगेच धोका असेल तर ११२. लावायला भीती वाटत असेल तर मैत्रिणीने लावून द्यावा.

आणि आता ते, जे आपण कुजबुजत बोलतो. दोन आठवडे झाले, रोज, बहुतेक दिवसभर मन उदास आहे. आवडतं कालवण केलं तरी जेवावंसं वाटत नाही. अंघोळ, वेणीफणी नकोशी झालीय. मी कुणाच्या कामाची नाही असं सारखं वाटतंय. बाळंतीण असेल तर बाळाला जवळ घ्यावंसंच वाटत नाही. हे नुसतं टेन्शन नाही, आजार आहे. मलेरिया होतो तसा हा होतो, आणि उपचाराने बरा होतो. औषध सुरू केलं तर गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत सोडून देऊ नका. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सांगा, जिल्हा रुग्णालयात मनोविकाराचा विभाग असतो. देवाला नवस करायचा असेल तर जरूर करा, आमचीही श्रद्धा आहे. पण नवस आणि गोळी दोन्ही चालतात, एकमेकांच्या आड येत नाहीत.

फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे. नंबर १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. रात्री तीनलासुद्धा.

एखादी मैत्रीण म्हणाली, 'आता नको वाटतं जगणं,' तर विषय बदलू नका. सरळ विचारा, 'जीव द्यायचा विचार येतोय का गं?' विचारल्याने तिच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून तिला हायसं वाटतं. ती हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नका. १४४१६ लावा, शेजारी बसून राहा, दवाखान्यात बरोबर जा. तिच्या घरातलं फवारणीचं औषध त्या दिवशी दुसऱ्याच्या घरी हलवा. खरं तर फवारणीचं औषध कोणाच्याही घरात माळ्यावर, पलंगाखाली नसावं. पेटीत, कुलपात, आणि किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे. जीव द्यावासा वाटण्याची ती घडी बऱ्याचदा थोडा वेळच असते. त्या घडीला हाताशी काही सापडलं नाही तर माणूस वाचतो. आमच्या ग्रामसंघाने या हंगामात पाच घरांना मिळून एक पेटी असं सुरू केलंय. पेटीचा खर्च फार नाही. तुमच्या गावात करायचं असेल तर पुढच्या बैठकीत विषय काढा, कुलूप कुठलं घ्यायचं, किल्ली कोणाकडे ठेवायची, यावर भांडणं होतील, ती होऊ द्या.

नंबर पुन्हा सांगतो, मोबाइल चार्जिंगला लावता त्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. मनाच्या दुखण्यासाठी १४४१६. महिलांच्या मदतीसाठी १८१. कर्जाच्या तक्रारीच्या माहितीसाठी १४४४८. पुढच्या बुधवारी याच वेळेला आशाताई लोहाच्या गोळ्यांबद्दल बोलणार आहेत, तेव्हा गोळ्यांची पाकिटं घेऊनच रेडिओपाशी बसा.